चौदा नंबरचे बूट

१

बुधवारी सकाळी फरांगिस आमेरी नेहमीसारखी कामावर आली, बूट काढून गालिच्याच्या खोलीत गेली, कपाटातून हिरवी फाइल घेतली आणि बाहेर येताना उंबऱ्याशी असलेल्या आपल्या सपातांत न बघता पाय घालून टेबलाशी येऊन बसली. मग तिने फाइल चाळली. दोनशे सातनंतर एकदम दोनशे नऊ. मधलं पत्र नव्हतं.

तिने पुन्हा चाळली. सव्वीस वर्षं मुद्रितं तपासून जिच्या नजरेतून एक टिंब सुटत नाही, त्या बाईच्या फाइलमधून अख्खं पत्र सुटावं याचा तिला रागच आला.

ही फाइल तिने मागून घेतली नव्हती, ती तिच्या गळ्यात पडली होती. केरमानमधल्या या दीड खोलीच्या प्रकाशन संस्थेने गेल्या वर्षी अर्सलान नखई नावाच्या माणसाचं आत्मकथन छापलं, ‘एकवीस सकाळी’. हेरॉइनने पोखरलेला माणूस सपीदार नावाच्या व्यसनमुक्ती कॅम्पात एकवीस दिवस काढतो आणि बरा होऊन बाहेर पडतो, एवढीच हकीकत. पण पुस्तक असं काही हातोहात गेलं की मालकांना स्वतःलाही त्याचा अर्थ लागेना. शेवटच्या पानावर पत्ता होता. कॅम्पात फोन काढून घेतात, म्हणून लोक कागदावर लिहीत. बायका लिहीत, आया लिहीत, तुरुंगातले लिहीत. एका मुल्लाने पुस्तकातल्या शिव्यांबद्दल चार पानं लिहिली आणि शेवटी हळूच विचारलं होतं, की धाकट्या भावाला कॅम्पात घालायचं तर कुठला चांगला.

आणि मग गेल्या शनिवारी गावच्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर छापलं, ‘एकवीस सकाळी की एकवीस थापा?’ सपीदारच्या मालकाने आपली नोंदवही दाखवली होती. अर्सलान नखई नावाचा रुग्ण त्या कॅम्पात कधी आलाच नव्हता.

चार दिवसांत पत्रांचा सूर पालटला. एका बाईने पुस्तकाची पानं फाडून पाकिटात भरून पाठवली. एकाने फक्त एवढंच लिहिलं होतं, ‘आज माझा एकोणिसावा दिवस. एकविसावी सकाळ तुमच्या लेखकाने पाहिलीच नसेल, तर मी कोणाच्या भरवशावर थांबलोय ते कळवा.’ त्याला काय उत्तर द्यायचं हे फरांगिसला सुचलं नव्हतं. ते पाकीट तिच्या खणात तसंच पडलं होतं.

पण नेमकं दोनशे आठच का जावं? तिने आवक वही उघडली. प्रत्येक पत्राचा सारांश ती एका ओळीत लिहून ठेवायची. ‘२०८. तूबा-खानुम, जरंद. मुलगा पेझमान, नऊ वर्षांपूर्वी सपीदारमध्ये. कॅम्पवाले म्हणाले पळाला. पुस्तकातला चौदा नंबर तोच का? सोबत फोटो.’

तिने वही मिटली तोवर फोन वाजला.

“खानुम, मी जरंदहून तूबा बोलते,” पलीकडचा आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, घाईत नसलेला. “पत्र पोचलं ना? फोटो सांभाळा बरं. तेवढा एकच आहे.”

“पोचलं,” फरांगिस म्हणाली. खोटं नव्हतं ते.

“तुमच्या पुस्तकात लिहिलंय, त्या पोराच्या डाव्या बुटात लोकरी नमद्याचे तीन थर होते, लाल दोऱ्याने शिवलेले. माझ्या पेझमानचा डावा पाय आखूड. तो नमदा मी कापला होता, दोरा माझा होता. आणि पुढे लिहिलंय की त्याला गार पाण्याखाली कोंडलं आणि सकाळी तो मेलेला सापडला. आता पेपरात आलंय, पुस्तक खोटं. मला बाई, अक्षर जेमतेम लागतं. मला एकच सांगा.”

“विचारा.”

“नऊ वर्षं मी दाराला कडी लावली नाही, का तर पळालेलं पोर कधीही येईल. दर गुरुवारी आमच्या गल्लीतल्या बाया आपापल्या मेलेल्यांच्या नावाने पीठ भाजून हलवा करतात, वाटतात. मी घेते, खाते, पण कधी करत नाही. जितं पोर असताना त्याच्या नावाने हलवा करणारी आई म्हणजे अवदसाच की. तर उद्या गुरुवार आहे. मी हलवा करू की नको, तेवढं सांगा.”

२

मालक होमायून सालारी अकरा वाजता आले, पाठीला लोकरी पट्टा बांधून. गेले तीन महिने त्यांची कंबर धरली होती. बूट काढायचे तर ते एका टाचेने दुसरी टाच दाबून काढत आणि जिथे पडतील तिथे सोडून देत. खुर्चीत बसताना त्यांनी सगळ्या पीरांची नावं घेतली.

“पत्र गेलं तर गेलं,” ते म्हणाले. “तीनशे पत्रांत एक. खानुम, तुम्ही ते उशीखाली घेऊन झोपता की काय?”

“फाइल काल दुपारी चारला मी कपाटात ठेवली आणि दाताच्या डॉक्टरकडे गेले. तेव्हा पत्र होतं. नंतर इथे कोण कोण आलं?”

“मी होतो. मी चोर.” सालारींनी टेबलावरच्या डब्यातून खजूर भरलेलं कुलुंपे बिस्किट काढून तोंडात टाकलं. “पाचला दोघांना बोलावलं होतं मी. अर्सलान आणि तो कॅम्पवाला अब्बास-आगा. म्हटलं समोरासमोर बसवावं, काहीतरी तोड निघेल. मी चहा करायला मागे गेलो. आलो तेव्हा एक पुढच्या खोलीत आणि एक गालिच्याच्या खोलीत, दोघेही रुसलेल्या व्याह्यांसारखे. कोण कुठे होतं ते विचारू नका, माझं लक्ष किटलीकडे होतं.”

“तोड निघाली?”

“कसली निघतेय. पण मला वाईट वाटत नाही. चौथ्या आवृत्तीच्या पाठीवर मी छापतोय, ‘खरं की खोटं? तुम्हीच ठरवा.’ वाद पेटला की पुस्तक पळतं.”

“आणि ज्यांनी खरं म्हणून वाचलं ते?”

“त्यांनी पुस्तक आधीच घेतलंय ना.” बोलून गेल्यावर त्यांना स्वतःलाच ते बरं वाटलं नसावं, कारण त्यांनी डबा पुढे सरकवला. फरांगिसने हात लावला नाही.

तिने मनातल्या मनात तिघांना ओळीने उभं केलं. पत्राने सगळ्यात जास्त कोणाचं बिघडत होतं? अब्बास-आगाचं. पोरगं खरं निघालं तर त्याच्या कॅम्पात माणूस मेला हे खरं. सालारींचं? पत्र हाती असलं तर ते दडपण्याऐवजी ते फ्रेम करून खिडकीत लावतील. राहिला अर्सलान. पण त्याच्या बाजूने तर ते पत्र पुरावाच होतं. एका आईने येऊन सांगावं की पुस्तकातला मुलगा माझा, यापेक्षा मोठी साक्ष कोणती?

“एक गोष्ट मात्र आहे,” सालारी आवाज खाली आणून म्हणाले. “तुम्हाला सांगणार नव्हतो. अब्बास-आगा गेल्यावर अर्सलान म्हणाला, पेपरवाल्यांना कळवा की तो चौदा नंबरचा मुलगा मी मनाने रचलाय. असा मुलगा कधी नव्हताच.”

३

सपीदार आता कॅम्प राहिला नव्हता. तिथे लग्नाचा हॉल झाला होता. माहानच्या रस्त्याला तीच उंच भिंत, तेच लोखंडी फाटक, आत मात्र पांढरे कपडे चढवलेल्या तीनशे खुर्च्या. अब्बास-आगा एका खुर्चीवर ऑपरेशन झालेला गुडघा सरळ पुढे टाकून बसले होते आणि फुलांच्या कमानीवरून कोणाला तरी फोनवर झापत होते.

“या, भगिनी, बसा,” ते म्हणाले. “उठत नाही, माफ करा. हा पाय वाकत नाही. काल तुमच्या सालारींनी बूट काढा म्हटलं, मी म्हटलं, बाबा, काढीन, पण परत घालून द्यायला तुझी बायको आण.”

“म्हणजे तुम्ही गालिच्याच्या खोलीत गेला नाहीत?”

“उंबऱ्यावर उभा राहून दोन शब्द सुनावले त्याला. आत कशाला जाऊ? त्या लबाडाशी मांडीला मांडी लावून बसायला?”

“तो लबाड आहे हे नक्की?”

अब्बास-आगांनी जपमाळ असलेला हात वर केला. “तुम्ही म्हणाल त्याची शपथ घेतो. अर्सलान नखई नावाचा रुग्ण माझ्याकडे एक दिवससुद्धा नव्हता. माझ्या वहीत आलेल्या प्रत्येक रुग्णाचं नाव आहे. बघायचीय?”

वही तयारच होती. वर्तमानपत्रवाल्यांना दाखवून दाखवून तिचे कोपरे वळले होते. फरांगिसने नऊ वर्षांपूर्वीचा दै महिना काढला, ऐन थंडीचा. पेझमान, राहणार जरंद. पुढे त्याच शाईत, ‘सातवा दिवस. भिंत चढून पळाला.’

ती उठून खिडकीशी गेली. भिंत दोन पुरुष उंच होती.

“ज्याला सात दिवस धड जेवण गेलं नाही, ज्याचा एक पाय आखूड, तो ही भिंत चढला?”

“नशेची तलफ माणसाला काय काय करायला लावते ते तुम्हाला काय ठाऊक!” अब्बास-आगा म्हणाले. फरांगिसला ते चांगलंच ठाऊक होतं. तिचा भाऊ कियोमर्स नशेपायीच गेला होता, पण ते तिने या माणसाला सांगितलं नाही. “बूटसुद्धा न घेता पळाला हरामखोर,” अब्बास-आगांनी जोडलं. “बर्फात.”

“बूट कुठे होते?”

“फाटकाशी, खणात. सगळ्यांचेच तिथे. आल्याबरोबर पहिले बूट काढून घ्यायचे, आत रबरी चपला द्यायच्या. बिनबुटाचा माणूस लांब जात नाही.”

“म्हणजे आतल्या कोणाला दुसऱ्याचे बूट दिसायचा प्रश्नच नव्हता.”

“कसे दिसतील? फाटकाच्या चौकीला कुलूप. किल्ली बूट सांभाळणाऱ्याकडे.”

“आणि तो कोण होता?”

अब्बास-आगांची जपमाळ थांबली.

“आले-गेले असायचे,” ते म्हणाले. “दुसरीकडे सुधारलेली पोरं, भाकरीवर आणि अंथरुणावर राबायची. त्यांची नावं कोण लिहितो? भगिनी, मला आता कमानवाल्याकडे बघायचंय. पलीकडच्या दाराने जा.”

४

दुपारी सालारी जेवायला घरी गेले. फरांगिसने पुढचं दार लावून घेतलं आणि फाइल पहिल्या पत्रापासून वाचायला घेतली. याआधी तिने ही पत्रं उत्तरं देण्यासाठी वाचली होती. आता ती मुद्रित वाचतात तशी वाचू लागली, अर्थाकडे न बघता, अडखळतं कुठे तेवढंच बघत.

एकसष्टाव्या पत्राशी ती अडखळली. सिरजानच्या एका ट्रक ड्रायव्हरचं होतं. तो स्वतः सपीदारमध्ये राहून आला होता. ‘आगा-ये नखई, तुम्ही सगळं जसंच्या तसं लिहिलंय. ते पाणी, ती मसूर, ती न्हाणी. वाचताना अंगावर काटा आला. एकच चुकलंय. तुम्ही त्या पोराला चौदा नंबर म्हणता. आम्हाला कुठे नंबर होते? खाटासुद्धा नव्हत्या, जमिनीवर घोंगड्या. नंबर होते ते फाटकातल्या बुटांच्या खणांना. असो, एवढी चूक चालायचीच.’

तेव्हा तिने या पत्राला छापील आभारपत्र पाठवलं होतं.

आता तिने पुस्तक उघडलं. बुटातला नमदा, पान एकशे अठरा. तीन थर, लाल दोरा. आतल्या रुग्णाला न दिसणारी गोष्ट. ज्याने बूट हातात घेतला, आत बोटं घातली, त्यालाच कळणारी. मग तिने पान एकशे बावीस काढलं आणि तिचे कान तापले. तिथे लिहिलं होतं, ‘चाळीस दिवस ते बूट त्या खणात होते. चाळिसाव्या दिवशी मी ते उतरवले.’

एकविसाव्या सकाळी जो माणूस कायमचा बाहेर पडला, त्याने चाळीस दिवस कुठून मोजले?

ही चूक तिची होती. दुसऱ्या कोणाची नव्हती. चाळिसावा म्हटला की या गावात कोणाचाही हात आपोआप डोळ्यांकडे जातो, मेलेल्याचा चाळिसावा. हे पान तिने तीनदा तपासलं होतं आणि तिन्ही वेळा तिला कियोमर्स आठवला होता. रडत मुद्रित तपासू नये, हे तिने स्वतः दोन नवख्यांना शिकवलं होतं.

म्हणजे अब्बास-आगा खोटं बोलला नव्हता. त्या नावाचा रुग्ण खरंच नव्हता. आणि पुस्तकही खोटं नव्हतं. दोघेही खरं सांगत होते आणि दोघेही एकच गोष्ट लपवत होते.

पण पत्र? त्यासाठी तिला जागचं हलावंसुद्धा लागलं नाही. ती फक्त टेबलाखाली वाकून आपल्या पायांकडे बघत राहिली. सपाता. काल चार वाजता डॉक्टरची वेळ टळत होती, म्हणून तिने त्या उंबऱ्याशी झटकल्या होत्या. एक पालथी पडली होती, दुसरी पार रॅकखाली गेली होती, आणि उद्या काढू म्हणून ती तशीच गेली होती. आज सकाळी मात्र खोलीतून बाहेर येताना तिचे पाय जराही न चाचपडता त्यांत गेले. दोन्ही जवळजवळ, टाचा उंबऱ्याला लावून, चवडे बाहेरच्या बाजूला. घरातला सेवेकरी पाहुण्यांसाठी लावून ठेवतो तशा.

सालारींची कंबर वाकत नव्हती. अब्बास-आगांचा गुडघा वाकत नव्हता. आणि वाकले असते तरी त्यांनी लावल्या नसत्या.

पुस्तकाचं वाचन ठेवलं की अर्सलान सगळ्यांच्या मागे थांबायचा आणि आलेल्या प्रत्येकाचे बूट जोडीने लावून ठेवायचा, म्हाताऱ्यांचे, पोरांचे, सगळ्यांचे. वाचक फिदा होत. किती नम्र माणूस, असं बाराएक पत्रांत तरी लिहून आलं होतं. तिलाही तसंच वाटलं होतं.

५

अर्सलान बाजाराच्या मागे एका खोलीत राहत होता. चाळिशीचा, बारीक, पुढचे दोन दात गेलेले. फरांगिसला दारात बघून तो गडबडला, बसायला गादी झटकली, समोवरखाली जाळ वाढवला. ती बसली. तो चहा घेऊन येण्याआधी दाराशी गेला, वाकला, आणि तिचे बूट फिरवून ठेवले.

“चौदा हा खणाचा नंबर होता,” ती म्हणाली.

तो वाकलेलाच राहिला. मग त्याने उंबऱ्यावरच बसकण मारली, तिच्याकडे पाठ करून.

“पत्र तुमच्याकडेच आहे,” फरांगिस म्हणाली. “मी ओरडायला आले नाही. उद्या तिला उत्तर द्यायचंय.”

“फडताळात, कुराणाखाली,” तो म्हणाला. “मला फोटो बघायचा होता, खानुम. मला त्याचं नाव माहीत नव्हतं. नऊ वर्षं तो माझ्यासाठी चौदा नंबर. नाव मला त्या पत्रातून कळलं.”

“वाचून दाखवायला पत्रं निवडा म्हणून फाइल मीच तुमच्या हातात दिली होती, गेल्या आठवड्यात.”

“हो. तेव्हा वाचलं. नंतर झोप नाही.”

“मग मुलगा रचलेला आहे असं सालारींना का सांगितलंत?”

“का म्हणजे? ती दार उघडं ठेवून बसलीय ना. राहू दे तिला बसून. माझं पुस्तक खोटं ठरलं की तिचं पोर जितं राहतं. त्यात वाईट काय होतं?”

फरांगिसने उठून फडताळातल्या कुराणाखालून पत्र काढलं. फोटो आतच होता.

“काय झालं होतं ते सांगा,” ती म्हणाली.

त्याने सांगितलं. तो बंदरच्या एका कॅम्पात व्यसनातून सुटला होता, खरोखर सुटला होता. जायला घर नव्हतं, म्हणून सपीदारला बूट सांभाळायला राहिला. फाटकाची किल्ली त्याच्याकडे, न्हाणीची कडीही त्याच्याच हातात. पेझमान सातव्या दिवशी दुपारपासून ओरडत होता. अब्बास-आगा म्हणाले, घाला पाण्याखाली, गप्प होईल. घातला. संध्याकाळची नमाज झाली तेव्हा तो आतून दार वाजवत होता. नंतर थांबला.

“मला वाटलं शांत झाला,” अर्सलान म्हणाला. “शपथेवर सांगत नाही, माझी शपथ कोण मानेल. पण मला तसंच वाटलं. मीही गप्प झालो होतो ना एकेकाळी, गार पाण्याने. कडी मी लावली होती. सकाळी मीच काढली.”

“कुठे पुरलं?”

“अब्बास-आगांच्या पिकअपमधून नेलं, शहदादच्या वाळवंटाच्या बाजूला. मी गाडीत नव्हतो. गाडी जो चालवत होता तोही वारला गेल्या वर्षी.” तो पहिल्यांदा वळला. “पुस्तक लिहायला बसलो तेव्हा हेच लिहिणार होतो, खानुम. पहिल्या पानावर ‘मी’ लिहिलं, आणि तो ‘मी’ आपोआप न्हाणीच्या आतल्या बाजूला जाऊन बसला. व्यसन खरं आहे, सुटणं खरं आहे, त्या सकाळी खऱ्या आहेत. मी दाराच्या कोणत्या बाजूला होतो, तेवढंच खोटं.”

फरांगिसला त्याची कीव आली आणि त्याच वेळी त्याच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. तिने यातलं काहीच केलं नाही. तिला खणातलं ते पाकीट आठवलं, एकोणिसाव्या दिवसाचं. आतापर्यंत त्याची एकविसावी सकाळ उजाडली असेल, नाहीतर पुन्हा पहिला दिवस.

“पोलिसांत चला,” ती म्हणाली.

“चला. काय सांगू? प्रेत नाही, जागा नाही, वहीत पळाला लिहिलंय, आणि साक्षीदार मी. लबाड म्हणून माझा फोटो शनिवारीच छापून आलाय.”

हे तिने वाटेत स्वतःशी बोलून बघितलं होतं, आणि दर वेळी इथेच येऊन थांबली होती. अर्सलान उठला, कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली आणि चादरीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. गुंडाळी सोडायची गरज नव्हती. एक बाजू दुसरीपेक्षा जाड होती.

“फोनवर नका सांगू तिला,” तो म्हणाला. “मी येतो.”

६

गुरुवारी सकाळी ते जरंदच्या गाडीत बसले. निघण्याआधी फरांगिसने सालारींना फोन करून सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, “चौथी आवृत्ती छापून बांधणीला गेलीय, खानुम. आणि तसं बघितलं तर पाठीवरची ओळ अजूनही चुकीची नाही.” तिने फोन ठेवला.

तूबा-खानुमचं दार कडीविनाच होतं. ढकललं तर उघडलं. आत छोटं अंगण, डाळिंबाचं झाड, दोन खोल्या. म्हातारी बुटकी होती, कमरेत वाकलेली, डोळे मात्र स्वच्छ. तिने दोघांना आत घेतलं, चहा ठेवला, खडीसाखर पुढे केली.

“फोटो आणलात?” तिने विचारलं.

फरांगिसने फोटो दिला. तूबा-खानुमने तो ओढणीने पुसला आणि मांडीवर ठेवला.

“पुस्तक लिहिणारे ते हे,” फरांगिस म्हणाली.

अर्सलानने चादर सोडली नाही, तशीच पुढे सरकवली. म्हातारीने ती सोडली. डावा बूट उचलून तिने आत हात घातला. हात आतच ठेवून ती बसली. लाल दोरा बघायला तिने बूट उजेडात नेला नाही, बोटांनी टाके चाचपले असावेत.

“हे तुझ्याकडे कसे?” तिने विचारलं.

“बूट मी सांभाळायचो, आई.”

“आणि त्याला कोंडलं कोणी?”

समोवरचं पाणी उकळत होतं. फरांगिसला वाटलं तो आता अब्बास-आगांचं नाव सांगेल, ते खरंही होतं.

“कडी मी लावली,” अर्सलान म्हणाला.

तूबा-खानुम रडली नाही. तिने मान डोलावली, बाजारात भाव ऐकून डोलावतात तशी.

“तो काही म्हणाला?”

“दार वाजवत होता.”

“काय म्हणत होता विचारतेय मी.”

अर्सलानने तिच्या हातातल्या बुटाकडे बघितलं. “बूट मागत होता,” तो म्हणाला. “घरी जातो म्हणत होता.”

म्हातारीने उजवा बूट घेतला आणि डाव्याशेजारी मांडीवर ठेवला, फोटोवर. कुठे पुरलं, तिने विचारलं, आणि फरांगिसने वाळवंटाचं सांगितलं, जागा माहीत नाही हेही सांगितलं. त्यापुढे तिने काही विचारलं नाही. तक्रार, वकील, पेपर, यातलं फरांगिस जे जे बोलली ते तिने पाहुणीचं मन राखावं इतपत ऐकून घेतलं.

“चहा प्या,” ती एकदा म्हणाली. कोणी प्यायलं नाही.

शेवटी दोघं उठली. उंबऱ्याबाहेर फरांगिसचा एक बूट आडवा झाला होता. अर्सलान मागून पुढे झाला आणि सवयीने खाली वाकला.

“हात लावू नकोस,” तूबा-खानुम आतून म्हणाली.

त्याचा हात तिथेच थांबला. म्हातारी आवाज न चढवता, एखाद्याला रस्ता सांगावा तसं बोलत होती.

“आजपासून कोणाच्याही बुटांना हात लावू नकोस. तुझे घाल आणि जा.”

त्याने आपले घातले. नाड्या न बांधताच तो अंगण ओलांडून गल्लीत गेला. फरांगिसने आपला आडवा झालेला बूट पायाने सरळ केला, तिलाही वाकवेना. ती बाहेर पडली आणि दार ओढून घेतलं.

मागून कडी पडल्याचा आवाज आला.

अर्सलान गल्लीच्या तोंडाशी भिंतीला टेकून उभा होता, तिच्यासाठी थांबला होता की नुसताच, ते कळत नव्हतं. फरांगिस लगेच निघाली नाही. ती दाराशी उभी राहिली, पाच मिनिटं, कदाचित दहा. मग आतून, तव्यावर पीठ भाजल्याचा वास आला.